गाडी तापते घाटात, दुखणे असते घरचे

उन्हाळ्याच्या सुट्टीत घाटाघाटांतून बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. दोष दिला जातो चढाला आणि उन्हाला. पण डिझेल इंजिन तापण्याची तयारी कित्येक महिने आधी, आपल्याच दारात सुरू झालेली असते!

मे महिन्यातली टळटळीत दुपार. मुंबई-नाशिक रस्त्यावरचा कसारा घाट. लग्नाला निघालेली एक डिझेल जीप चढण चढते आहे. आत लहानमोठी नऊ माणसे, वर कॅरिअरवर आहेराची भांडी आणि ट्रंका. मुहूर्त संध्याकाळचा असल्याने सगळ्यांनाच घाई. तापमानाचा काटा मघापासून लाल पट्ट्याकडे सरकतो आहे, पण तिकडे कोणाचे लक्ष नाही. एकाएकी बोनेटच्या फटींतून वाफ येऊ लागते. गाडी कडेला घेतली जाते. बायका मुलांना घेऊन झाडाच्या सावलीत जातात. घरातले एक वडीलधारे गृहस्थ खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळतात आणि रेडिएटरच्या झाकणाकडे वळतात. मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर तेवढ्यात खिडकीतून ओरडतो, ‘‘ओ काका, हात लावू नका! आधी थंड होऊ द्या तिला!’’

काका थांबतात आणि थोडक्यात बचावतात. ते झाकण उघडले असते तर शंभर अंशांहून अधिक तापलेले पाणी कारंज्यासारखे उसळून तोंडावर आले असते.

हे चित्र कोणा एका कुटुंबाचे नाही. कसारा असो, खंबाटकी असो, आंबोली असो की कुंभार्ली, उन्हाळ्यात ते कुठेही पाहायला मिळते. कोणाचा मुहूर्त चुकतो, कोणाचा टेम्पोतला भाजीपाला सुकतो, तर कोणाचा ट्रॅक्टर ऐन सुगीत गॅरेजमध्ये जाऊन बसतो. ज्या घराची चूल त्या गाडीवर पेटते, त्या घरात तर गाडी उभी राहिली की हप्ताही थकतो.

मग साऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, ‘‘घाट चढताना गाडी अचानक गरम झाली.’’ त्यातला ‘अचानक’ हा शब्द मात्र बहुतेक वेळा खोटा असतो. सपाटीवर अर्ध्या ताकदीने चालणाऱ्या इंजिनाकडून घाट पूर्ण ताकद मागतो. आधीपासून दबून राहिलेले दुखणे तेव्हा बाहेर पडते, एवढेच. थंड ठेवणारी यंत्रणा धडधाकट असेल तर हेच इंजिन मे महिन्यातही भरल्या गाडीनिशी घाट चढून जाते. गाडी तयार करणाऱ्यांनी त्याचा हिशेब आधीच करून ठेवलेला असतो.

पोटात आग, भोवती पाणी

डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पिस्टनने इतकी दाबली जाते की, ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. जळतानाचे तापमान क्षणभर २,००० अंशांच्या घरात जाते. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो, ते शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. भोवताली थंडाव्याची सोय नसेल तर इंजिन फार काळ टिकणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याच्या मूळ कल्पनेत सिलिंडरभोवती पाण्याचे आवरण नव्हते. उष्णता बाहेर जाऊ द्यायचीच कशाला, असा त्याचा विचार होता. अनुभवाने मात्र त्याला पाण्याकडे वळवले. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे १८९७ साली त्याचे जे इंजिन यशस्वी ठरले, त्याच्याभोवती पाणी खेळत होते.

डिझेल जळून निर्माण झालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णता गाडी ओढण्याच्या कामी येते. बरीचशी धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. उरलेली मोठी वाटणी पाण्याला उचलून न्यावी लागते. त्यासाठी पाण्याचा पंप थंड पाणी इंजिनात ढकलतो. ते सिलिंडरच्या भोवतीने आणि वरच्या हेडमधून फिरते आणि तापून रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना पंख्याचा आणि समोरचा वारा त्याला थंड करतो आणि ते पुन्हा पंपाकडे परत येते. गाडी चालू असेपर्यंत हा फेरा अखंड चालतो.

या फेऱ्यात कोठेही अडथळा आला की उष्णता इंजिनातच साचू लागते. लोखंडी ब्लॉकवर बसवलेले ॲल्युमिनियमचे हेड उष्णतेने लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ते वाकडे होते, त्याच्याखालची गॅस्केट उडते, कधी हेडला तडा जातो. याहीपुढे गाडी दामटली तर पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि इंजिन जाम होते. अशा वेळी गॅरेजवाला ‘‘इंजिन खोलावं लागेल’’ म्हणतो, तेव्हा मालकाचा चेहरा पाहवत नाही. बहुतेक वेळा या साऱ्याच्या मुळाशी एखादा जुना पट्टा, फुटका रबरी पाइप किंवा रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतलेले बोअरचे पाणी असते.

बंबातला थर आणि इंजिनातला थर

जुन्या घरात अंघोळीचे पाणी तापवायला तांब्याचा बंब असे. विहिरीचे पाणी जड असेल तर काही वर्षांत बंबाच्या आतून पांढरा कडक थर धरे. मग लाकडे जास्त लागत आणि पाणी मात्र उशिरा तापे. आजच्या गिझरच्या कॉइलवरही तोच थर दिसतो. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तेच पाणी आपण खुशाल गाडीच्या रेडिएटरमध्ये ओततो. इंजिनाच्या आतही तोच थर धरतो.

क्षारांचा हा थर लोखंडाच्या मानाने कितीतरी पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. इंजिनाच्या अंगावर जणू गोधडीच पांघरली जाते! बाहेर पाणी असते, पण आतली उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. भरीला गंज असतो. गंजाचा लालसर गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि एकेक नळी बंद पडत जाते. सपाटीवर निम्म्या नळ्यांवरही काम भागते, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. घाटात मात्र साऱ्या नळ्यांची गरज पडते.

यावर उपाय म्हणजे कूलंट. पुष्कळांना वाटते की, कूलंट बर्फाळ प्रदेशातल्या गाड्यांसाठी असते, आपल्याकडे पाणी कुठे गोठते? पाणी गोठू न देणे हे त्याचे एक काम झाले. नुसते शुद्ध पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटपेक्षा किंचित सरसच असते, हेही खरे. पण पाणी लोखंड गंजवते आणि लवकर उकळते. कूलंटमधली रसायने गंज रोखतात आणि त्यातील ग्लायकॉलमुळे उकळण्याचा बिंदू चढतो. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण उघड्या भांड्यातही १०७ अंशांच्या आसपास उकळते.

मोठ्या डिझेल इंजिनांना कूलंटचा आणखी एक उपयोग आहे. बऱ्याच ट्रक-ट्रॅक्टरांच्या सिलिंडरमध्ये बाहेरून थेट पाण्याचा स्पर्श होणारे लायनर असतात. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर सतत थरथरतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूवर टाचणी टोचल्यासारखा आघात होतो. कालांतराने लायनरला खड्डे पडतात, पुढे आरपार भोक पडते आणि पाणी तेलात उतरते. योग्य कूलंटमधली रसायने लायनरवर संरक्षक पापुद्रा धरून हे नुकसान रोखतात. साध्या पाण्याला ते जमत नाही.

कूलंट घेताना गाडीसोबत मिळालेली पुस्तिका पाहावी. हिरवे, लाल, निळे हे रंग केवळ ओळखीसाठी असतात. एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळी असू शकतात, म्हणून रंग पाहून एकात दुसरे मिसळू नये. काही कूलंट तयार मिश्रण म्हणून मिळतात, तर काहींत पाणी घालावे लागते. हे पाणी बॅटरीत घालतो तसले डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित असावे. पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीनंतर कूलंट बदलावे, कारण त्यातली गंजरोधक रसायने हळूहळू संपतात. दिसायला ते रंगीत दिसले तरी त्यातला जीव गेलेला असतो.

घरात लहान मुले असतील तर एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर, पण जहाल विष आहे. थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंडे निकामी करू शकते. उरलेले कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. जमिनीवर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे, कारण कुत्री-मांजरेही ते चाटतात. चुकून कोणाच्या पोटात गेलेच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

झाकण नव्हे, कुकरची शिटीच

रेडिएटरचे झाकण हा साऱ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पुष्कळांना ते डब्याच्या झाकणासारखे वाटते. खरे म्हणजे ते प्रेशर कुकरच्या शिटीसारखे काम करते. आतला दाब ते साधारणपणे बाहेरच्या हवेच्या दुप्पट होईपर्यंत रोखून धरते. तेवढ्या दाबाखाली साधे पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला हे वेगळे समजावून सांगायला नको.

झाकणाची रबरी चकती झिजली किंवा स्प्रिंग सैल झाली की दाब राहत नाही. मग पाणी लवकर उकळते, वाफेवाटे कमी होते आणि इंजिन तापते. लोक रेडिएटर बदलतात, पंप बदलतात आणि झाकण मात्र जुनेच राहते.

उंच डोंगरात झाकणाचे महत्त्व आणखी वाढते. समुद्रसपाटीपासून वर जावे तसे पाणी कमी तापमानाला उकळू लागते. मनाली-लेह रस्त्यावरची तंगलंग ला ही खिंड सव्वापाच हजार मीटरांहून उंच आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते. अनेक डिझेल इंजिनांचे पाणी तर एरवीही त्याहून अधिक गरम असते. म्हणजे झाकणाने दाब धरला नाही तर बाहेर बर्फ दिसत असतानाही आतले पाणी उकळून जाईल! मनालीहून लाहौलला जाणाऱ्या गाड्या आता २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्यातून जातात आणि रोहतांगची चढण टळते. पण लेहपर्यंत जायचे तर पुढच्या उंच खिंडी चुकत नाहीत.

झाकणाचे दुखणे ओळखायची एक साधी खूण आहे. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचा रबरी पाइप आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसला, तर झाकणातला पाणी परत आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे असे समजावे. नवे झाकण घेताना त्यावर लिहिलेला दाबाचा आकडा जुन्याशी ताडून पाहावा. ‘‘बसतंय ना, मग चालतंय’’ हा हिशेब इथे उपयोगाचा नाही.

वारा लागला नाही तर

आत पाणी कितीही चांगले असले, तरी बाहेरून वारा लागला नाही तर ते थंड होणार कसे? रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, चिखल आणि गवत अडकते. पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या जाळीत पाचटाचा भुसा बसतो. पंजाबात बैसाखीच्या सुमारास गव्हाची कापणी करणारी मोठी हार्वेस्टर यंत्रे भुशाच्या ढगातच वावरतात. तिथले जाणते चालक दिवसातून अनेकदा यंत्र थांबवून जाळी साफ करतात. राजस्थानातल्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. एवढ्या उष्ण वाऱ्याने पाणी थंड करायचे, तेव्हा धुळीने निम्मी बुजलेली जाळी कशी पुरी पडणार?

जाळी धुताना पाण्याची बारीक धार इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला सोडावी, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने जाळीची नाजूक पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. एसी असलेल्या गाडीत रेडिएटरच्या पुढे एसीची वेगळी जाळी असते. दोहोंच्या मधल्या फटीत साठलेला कचरा समोरून दिसत नाही. तिथे मुद्दाम पाहायला सांगावे.

पंखा आणि पाण्याचा पंप अनेक गाड्यांत एकाच पट्ट्यावर चालतो. पट्टा सैल झाला की दोन्हींची गती मंदावते. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा, असा मिस्त्री लोकांचा ठोकताळा आहे. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, तो पुस्तिकेत मिळतो. ही तपासणी इंजिन बंद करून, किल्ली काढून घेतल्यावरच करावी. नव्या गाड्यांतला विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो. साडीचा पदर, ओढणी, शर्टाची बाही आणि मुलांची बोटे त्याच्यापासून दूरच राहिलेली बरी.

‘काढून टाका तो व्हॉल्व्ह!’

गाडी तापू लागली की काही गॅरेजांत हमखास एक सल्ला मिळतो, ‘‘थर्मोस्टॅट काढून टाकू, म्हणजे झंझटच नको.’’ थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा पहारेकरी आहे. इंजिन थंड असते तेव्हा तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे गेले की ती उघडतो. तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापते, हे खरे. पण बिघडलेला बदलावा, कायमचा काढू नये.

तो नसला तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. धूर वाढतो, डिझेल जास्त लागते आणि सिलिंडर लवकर झिजतात. गंमत म्हणजे काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्याने उलट गाडी अधिकच तापते. या इंजिनांत तोच थर्मोस्टॅट वाट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढला की बरेचसे पाणी आडवाटेने इंजिनातच फिरत राहते आणि रेडिएटरकडे पुरेसे जातच नाही. पहारेकरी नवा ठेवायचा की दारच काढून टाकायचे, हे मालकाने ठरवावे.

शेतातले इंजिनही तापते

डिझेल इंजिन म्हटले की केवळ गाड्या डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या शेतीची तहान कित्येक दशके याच इंजिनाने भागवली. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि गुजरातेत राजकोटचे अनेक लहानमोठे कारखाने यांची इंजिने देशभरच्या विहिरींवर धडधडली. वीज आणि सौर पंप आले, तरी नदीकाठी आणि वीज न पोहोचलेल्या रानात ती आजही दिसतात.

यांपैकी पाण्यावर थंड होणाऱ्या बऱ्याच इंजिनांत वेगळा रेडिएटर नसतो. पंपाने उपसलेल्या पाण्यातलाच एक छोटा प्रवाह पाइपने इंजिनाभोवती फिरवून सोडून दिला जातो. साधी आणि स्वस्त सोय. पण विहिरीचे पाणी खाली गेले आणि पंपाने हवा धरली की शेताचे पाणी थांबते आणि इंजिनाचेही. इंजिन मात्र चालूच राहते! बांधावर झोप लागलेल्या शेतकऱ्याला जाग येईपर्यंत पिस्टन अडकलेला असतो. विहीर तळाला गेली असेल तर इंजिनापाशी कोणीतरी हवे. त्या छोट्या पाइपातून पाणी पडते आहे ना, याकडे त्याने नजर ठेवावी. नदीच्या गढूळ पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाच्या पोटातला गाळ हंगाम संपताच धुऊन काढावा.

काटा नेहमी खरे बोलत नाही

आजच्या डिझेल गाड्यांत संगणक आहे, धोक्याचे दिवे आहेत. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा निकष लागू झाले. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात घेण्याची सोय आज बहुतेक डिझेल गाड्यांत असते. तो धूर थंड करण्याचे काम पुन्हा कूलंटकडेच येते. यंत्रे सुधारली तरी पाण्यावरचा बोजा कमी झालेला नाही.

तापमानाच्या काट्याची एक लबाडी जाणून घ्यायला हवी. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाइप फुटून सगळे पाणी निघून गेले तर तो कोरडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. ‘‘काटा उतरला, गाडी थंड झाली’’ असे समजून गाडी दामटणाऱ्याचे इंजिन काही मिनिटांत निकामी होते. वर गेलेला काटा एकाएकी खाली आला, हीटरमधून गार हवा येऊ लागली किंवा इंजिनातून वेगळाच आवाज येऊ लागला, तर गाडी तिथेच थांबवावी.

पाणी वारंवार कमी होते, पण कोठे गळताना दिसत नाही, हे लक्षण साधे समजू नये. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले किंवा गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधूनही पांढरी वाफ येत राहिली, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. अशा गाडीत पाणी भरत राहणे म्हणजे तापात पडलेल्या माणसाला नुसता पंख्याखाली बसवण्यासारखे आहे. रोग आतच वाढतो.

घाटात गाडी तापलीच तर

काटा चढू लागला, पण वाफ दिसत नसेल, तर आधी एसी बंद करावा. हीटर असेल तर तो पूर्ण सुरू करून काचा उघडाव्यात. उकडेल खरे, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असल्याने इंजिनाची काही उष्णता त्यावाटे निघून जाते. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवू नये. एक गिअर खाली घेतला की इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि त्याबरोबर पंप आणि पट्ट्यावरचा पंखाही वेगाने फिरतो. वळणापासून दूर, सपाट आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. वाफ किंवा गळती नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद गतीवर चालू ठेवावे, म्हणजे साचलेली उष्णता निघून जाते.

वाफ येत असेल, पाणी गळत असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. बोनेटही वाफ ओसरल्यावरच उघडावे. त्यानंतर अर्धा-पाऊण तास थांबावे. वरच्या पाइपाला हात सहज लावता येईल इतके इंजिन निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. मग जाड कापड धरून, तोंड बाजूला ठेवून झाकण थोडेसे फिरवावे. दाब निघून गेला की मगच पूर्ण उघडावे.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणे ही दुसरी मोठी चूक. तापलेल्या काचेच्या पेल्यात बर्फाचे पाणी ओतले की पेला तडकतो, तसेच हेडचे होते. इंजिन निवल्यावरच पाणी हळूहळू घालावे. अडीअडचणीला साधे पाणी घातले तरी चालेल, पण घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावे. शिवाय पाणी का कमी झाले, याचा शोध घेतल्याशिवाय गाडी पुन्हा लांबच्या प्रवासाला काढू नये.

दहा मिनिटांचा रिवाज

लांबच्या प्रवासाला निघताना आपण देवापुढे नारळ फोडतो, गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. श्रद्धा ज्याची त्याला. त्या आधी सकाळी, इंजिन थंड असताना दहा मिनिटे पुढील गोष्टींसाठी काढावीत.

• कूलंटची पातळी टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये आहे का?

• रबरी पाइप दाबून पाहावेत. ते भुसभुशीत, फुगलेले किंवा चिरा पडलेले नसावेत. क्लिपा घट्ट असाव्यात.

• पट्टा सैल, चिरलेला किंवा तेलकट झालेला नाही ना?

• झाकणाचे रबर शाबूत आहे का?

• रेडिएटरची जाळी मोकळी आहे का?

• गाडी रात्रभर उभी होती तिथे जमिनीवर रंगीत ओल आहे का? पाण्याच्या पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब गळत असतील तर पंपाचे सील गेले आहे असे समजावे.

• डिकीत चार-पाच लिटर स्वच्छ पाण्याचा कॅन, जाड कापड आणि शक्य असल्यास एक जादा पट्टा आहे का?

वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याआधी, जाणत्या मिस्त्रीकडून सारी यंत्रणा तपासून घ्यावी. गाळ साचला असेल तर रेडिएटर आणि इंजिन धुऊन घ्यावे. घरातले ॲसिड किंवा टॉयलेट साफ करायचे द्रव वापरून हा उद्योग स्वतः करू नये. त्याने थरापाठोपाठ धातूही जातो. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा गुरे पाणी पितात अशा जागी ओतू नये. ते गॅरेजमध्येच गोळा करायला सांगावे.

कसारा घाटातल्या त्या जीपसारख्या गाड्या थंड झाल्या की पाणी भरून पुढे निघतातही. नाशिक येते, अक्षता पडतात, सगळे झाले ते विसरतात. दुसऱ्या दिवशी परतताना उतार असतो, म्हणून काटा गप्प राहतो. पुन्हा कधी चढ येईल तेव्हा मात्र तीच गाडी त्याच वळणावर उभी राहील, कारण दुखणे अजून अंगातच आहे. ते काढायचे असेल तर पुढच्या लग्नसराईची वाट पाहू नये. उद्या सकाळी, गाडी अंगणात थंड उभी असताना, बोनेट उघडून एकदा आत पाहावे.